चुनखडीच्या डोंगरातला एका दिवसाचा अवघड ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुनखडीचे डोंगर फोटोत फार सोज्वळ दिसतात. पांढरट सुळके, मध्ये गवताचे हिरवे पट्टे, वर निळं आकाश. याच डोंगरात दुपारी दोन वाजता रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत फिरून फिरून पाण्याचा विषय येईल. ते मुद्दाम आहे. या दगडाचं पाण्याशी काय नातं आहे हे एकदा कळलं, की निम्मं नियोजन आपोआप होतं.

चुनखडीचा डोंगर इतर डोंगरांपेक्षा वेगळा कसा? शेवटी चढ तो चढच ना?

चढ तोच, पण दगड वेगळा. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि हा दगड हळूहळू विरघळवतं. बारीक चिरा रुंद होतात, रुंद चिरांची भोकं होतात आणि पाणी पृष्ठभागावर न वाहता थेट डोंगराच्या पोटात उतरतं. शाळेत ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ पाठ केले होते, ते तयार होतात त्या गुहा या डोंगरांच्या आत असतात. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर क्रास नावाचं पठार आहे, त्यावरून हा शब्द जगभर गेला.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये इंगलबरो नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरून फेल बेक नावाचा ओढा छान खळाळत येतो आणि गेपिंग गिल नावाच्या भोकात सुमारे शंभर मीटर खाली कोसळून गायब होतो. भोकाच्या पलीकडे ओढ्याचं पात्र कोरडं. चुनखडीचं सगळं वागणं या एका दृश्यात आहे.

चालणाऱ्यासाठी याचे परिणाम तीन. माथ्यावर आणि पठारावर पाणी नसतं. पायाखाली सपाट वाटणाऱ्या जागेत चिरा आणि खळगे असतात. आणि कडे बहुधा सरळसोट तुटलेले असतात, त्यामुळे 'इथून उतरून बघू' हा प्रयोग फसतो.

डोलोमाइट म्हणजे चुनखडीच का?

सख्खा भाऊ म्हणा. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असतं. अठराव्या शतकातले फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमियू यांच्यावरून आधी खनिजाला आणि मग उत्तर इटलीतल्या पर्वतरांगेला हे नाव मिळालं. ही रांग २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गंमत अशी, की तिचं सर्वांत उंच शिखर मार्मोलादा (३,३४३ मीटर) बरंचसं साध्या चुनखडीचंच आहे. ट्रेकरला जाणवणारा फरक इतकाच, की डोलोमाइट चुनखडीपेक्षा सावकाश विरघळतो, पण तुटतो मात्र बारीक तुकड्यांत. म्हणून तिथे घसारा, म्हणजे सैल खडीचा उतार, भरपूर.

अंतर तर फक्त चौदा किलोमीटर आहे. त्याला अख्खा दिवस कशाला हवा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. सपाटीवर ताशी साधारण पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. तुमची वाट १४ किलोमीटरची आहे, १,२०० मीटर चढ आणि तेवढाच उतार आहे असं धरू. नेस्मिथच्या हिशेबाने २ तास ४८ मिनिटं अधिक २ तास, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. ऐकायला झकास.

आता आल्प्सच्या जर्मन भाषक भागात वापरतात तो हिशेब करू. आडवं अंतर ताशी चार किलोमीटर, चढ ताशी ३०० मीटर, उतार ताशी ५००. आडव्याचे साडेतीन तास. उभ्याचे चढायला चार आणि उतरायला २ तास २४ मिनिटं, मिळून ६ तास २४ मिनिटं. दोन्हींतला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा, लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा. उत्तर येतं जवळजवळ ८ तास १० मिनिटं.

एकच वाट, एकच माणूस, आणि फरक सव्वातीन तासांचा. कारण नेस्मिथने उताराला वेळच दिला नाही. चुनखडीत उतार हाच खरा वेळखाऊ भाग असतो: घसारा, चिरा, गुळगुळीत झालेल्या पायऱ्या. म्हणून दुसरा हिशेब धरा आणि त्यात विश्रांतीचा किमान एक तास घाला. वाटेत हात लावून चढायचे टप्पे असतील तर आणखी एक. आठाचे दहा होतात. हे दहा तास उजेडात बसतात का, हा त्यापुढचा प्रश्न.

टोकाचं उदाहरण हवं असेल तर बोर्निओतल्या गुनुंग मुलु राष्ट्रीय उद्यानातली पिनॅकल्सची वाट बघा. पायथ्याच्या कॅम्पपासून लांबी फक्त २.४ किलोमीटर, पण चढ जवळपास १,२०० मीटर. शेवटी शिड्या आणि दोर. वर पोचल्यावर जंगलातून उभे राहिलेले, ४५ मीटरपर्यंत उंच चुनखडीचे सुळके दिसतात. चढायला तीन-चार तास लागतात, उतरायला तेवढेच किंवा जास्त. गाइड सक्तीचा आहे, आणि ठरलेल्या वेळेत ठरलेल्या टप्प्यापर्यंत न पोचलेल्यांना तिथूनच परत पाठवतात. किलोमीटर बघून वाट निवडणाऱ्यांना मी नेहमी हीच वाट दाखवतो.

'अवघड' हे कोण ठरवतं?

अवघडपणा दोन प्रकारचा असतो आणि माणसं दोन्हींची गल्लत करतात. एक दमाचा: लांबी, चढ, तास. दुसरा जिगरीचा: दृष्टिभय, हाताचा आधार, पडलं तर काय. यॉर्कशायरच्या तीन डोंगरांची प्रसिद्ध फेरी (पेन-ई-गेंट, व्हर्नसाइड, इंगलबरो) जवळपास ३८ किलोमीटरची आहे आणि बारा तासांच्या आत पुरी करायची प्रथा आहे. दमाला फार अवघड, पण कुठेही काळजाचा ठोका चुकत नाही. उलट ग्रीसच्या ऑलिंपसवर, मितिकास शिखराकडे जाणारा काकोस्काला नावाचा टप्पा अगदी छोटा आहे. नावाचा अर्थच 'वाईट जिना'. तिथे दम कमी लागतो, डोकं जास्त शांत लागतं.

स्विस अल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ अशी श्रेणी फक्त दुसऱ्या प्रकाराचा अंदाज देते. टी-३ पर्यंत सवयीचा डोंगरी चालणारा जातो. टी-४ पासून अधूनमधून हात लागतात आणि वाट स्वतः शोधावी लागते. टी-२ ची वाटही वीस किलोमीटरची असू शकते, हे श्रेणी बघताना विसरू नका.

पाणी किती न्यायचं?

थंड दिवशी चालण्याच्या तासाला अर्धा लिटर धरा. आठ तासांचे चार लिटर. उन्हाळ्यात, दक्षिणेकडच्या उघड्या उतारावर, तासाला पाऊण ते एक लिटर. म्हणजे पाठीवर चार ते आठ किलो नुसतं पाणी, आणि ते खांद्याला चांगलंच जाणवतं. हे वजन जमत नसेल तर वाट छोटी करा, पाणी कमी करू नका.

निघण्याआधी पायथ्याशी अर्धा लिटर पोटात घालून निघा, ते वाहावं लागत नाही. निम्मं पाणी संपलं आणि निम्मी वाट झालेली नसेल, तर तिथे थांबून परतीचा विचार करायचा, इतका साधा नियम मी पाळतो. तो पाळायला लागलो ते एका पठारावरच्या दुपारनंतर. खाली दरीत पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता आणि मध्ये दोनशे मीटरचा कडा होता.

ऑस्ट्रियात चुनखडीच्या एका पठाराला टोटेस गेबिर्गे, म्हणजे 'मृत डोंगर' म्हणतात. दुसरं एक पठार ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या सीमेवर आहे, श्टाइनेर्नेस मेयर, 'दगडी समुद्र'. नावं ठेवणाऱ्यांनी आपल्याला पुरेशी सूचना दिलेली आहे.

नकाशावर वाटेत झरा दाखवला आहे. मग तर प्रश्न मिटला ना?

झरा कुठे दाखवला आहे ते बघा. मुरलेलं पाणी खाली न झिरपणाऱ्या दगडाच्या थराला अडतं आणि तिथे बाहेर फुटतं. म्हणून चुनखडीचे मोठे, बारमाही झरे बहुधा पायथ्याशी, दरीच्या तळाशी असतात. असा झरा सुरुवातीला आणि शेवटी भेटतो, गरज असते तेव्हा नाही. उंचावर दाखवलेला झरा बर्फ वितळण्यावर किंवा ताज्या पावसावर चालतो. सुरुवातीच्या हंगामात तो धो-धो असेल आणि हंगाम सरताना दगडावरचा ओला डाग उरेल.

उंचावरच्या झऱ्यावर विसंबायचं असेल, तर मागच्या आठवड्यात तिथे गेलेल्या माणसाला किंवा वाटेवरच्या निवाऱ्याच्या चालकाला विचारा. निवाऱ्यावर पाणी मिळेलच असंही नाही. चुनखडीच्या उंच पठारांवरचे कित्येक निवारे स्वतः छपरावरचं पावसाचं पाणी साठवून चालतात.

झऱ्याचं पाणी थेट प्यावं का? एवढ्या डोंगरातून गाळून आलेलं असतं.

गैरसमज इथेच होतो. वाळूतून झिरपणारं पाणी गाळलं जातं. चुनखडीत ते रुंद भुयारांतून नळातल्यासारखं वाहत येतं, गाळलं जात नाही. वरच्या पठारावर गुरं चरत असतील, किंवा एखाद्या खळग्यात मेलेलं जनावर पडलं असेल, तर त्याचा अंश काही तासांत खालच्या झऱ्यात येऊ शकतो. पाणी स्फटिकासारखं दिसलं तरी फिल्टर करा, गोळी टाका किंवा उकळा. गोळीला सांगितलेला पूर्ण वेळ द्या, थंड पाण्यात ती सावकाश काम करते.

किती वाजता निघावं?

उजाडता उजाडता. कारणं तीन: ऊन, दुपारच्या वादळातली वीज आणि वेळखाऊ उतार. पांढरा दगड ऊन परतवतो, त्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतं. अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्क्यांनी वाढते. गॉगल, टोपी आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा. हनुवटीखाली भाजलेला माणूस दिसला की तो चुनखडीतून आला हे ओळखावं.

निघण्याच्या वेळेइतकीच परत फिरण्याची वेळ आधी ठरवा आणि गटातल्या सगळ्यांना मोठ्याने सांगा. शिखर पन्नास मीटरवर असलं तरी ती वेळ बदलायची नाही. वर गेल्यावर ठरवू असं म्हणणारा गट वर गेल्यावर कधीच ठरवत नाही.

कोणता हंगाम बरा?

समशीतोष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांना उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि शरदाची सुरुवात. त्याआधी उत्तरेकडच्या घळींमध्ये कडक बर्फ असतो. तिथे आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉनशिवाय (बुटाला बांधायचे खिळे) जाणं म्हणजे घसरगुंडीवर पाय ठेवणं. शिवाय पठारावरच्या चिरा आणि भोकं बर्फाने झाकलेली असतात.

खोल खळग्यांत बर्फ फार उशिरापर्यंत टिकतो, कारण थंड हवा जड असते आणि तिथे साचून राहते. ऑस्ट्रियातल्या ग्र्युनलोख नावाच्या अशाच एका खळग्यात १९३२ मध्ये उणे ५२.६ अंश सेल्सिअस नोंदवले गेले, तेही जेमतेम १,२७० मीटर उंचीवर. तुम्हाला तिथे रात्र काढायची नाही हे खरं, पण घामाने भिजलेल्या अंगाने सावलीतल्या खळग्यात जेवायला बसू नका.

उष्ण प्रदेशातल्या चुनखडीत मात्र कोरडा हंगामच धरा. शेवाळलेली ओली चुनखडी कुठल्याच बुटाला दाद देत नाही.

वादळाचा अंदाज असेल तर?

दुपारच्या वादळाचा अंदाज असेल तर दुपारच्या आत डोंगराच्या धारेवरून खाली. दिवसभराचा असेल तर ट्रेक रद्द. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंद किंवा कमी म्हणजे ती तुमच्या आवाक्यात आलीच आहे.

धार, शिखर, एकटं झाड आणि लोखंडी तारा सोडा. चुनखडीत एक खास सापळा आहे: उथळ गुहा आणि पुढे आलेला कातळ. पावसापासून आडोसा म्हणून माणसं त्यात शिरतात आणि विजेचा प्रवाह गुहेच्या तोंडावरची फट नेमका त्यांच्यामधून ओलांडतो. त्यापेक्षा उघड्यावर, सॅकवर, पाय जुळवून उकिडवं बसलेलं बरं. एकमेकांपासून लांब बसा.

बूट कोणते घालावेत?

सोल कडक आणि रबर पकड घेणारं. कोरडी, कमी वर्दळीची चुनखडी कानशीसारखी खरखरीत असते. बूट तिला चिकटतात, तळहात मात्र सोलवटतात, म्हणून पातळ हातमोजे जवळ ठेवा. हजारो पायांनी घासलेली चुनखडी याच्या नेमकी उलट, काचेसारखी. वाट जितकी प्रसिद्ध तितके तिचे अवघड टप्पे गुळगुळीत, ही या डोंगरातली विसंगती आहे. चकाकणारी पायरी दिसली की पाय तिच्यावर न ठेवता शेजारच्या मळकट, खरबरीत दगडावर ठेवा.

नवे बूट या ट्रेकला नकोत. एवढं सांगूनही कोणीतरी घालून येतंच.

काठ्या घ्याव्यात का?

घ्या, पण घडीच्या. घसाऱ्यावर गुडघे वाचवतात. हात लावून चढायचा टप्पा आला की सॅकमध्ये बांधा. चिरा पडलेल्या दगडी फरशीवर काठीचं टोक चिरेत अडकतं आणि वेगात असाल तर काठी मोडते किंवा मनगट मुरगळतं. तिथे काठीचा पट्टा मनगटात ठेवू नका.

घसाऱ्यावरून उतरायची भीती वाटते. काही युक्ती?

घसारा दोन जातीचा. बारीक, खोल, सैल खडी असेल तर टाच रोवत, वजन किंचित पुढे ठेवत, छोट्या पावलांनी उतरता येतं, पाय खडीबरोबर थोडा वाहतो आणि थांबतो. मागे रेललात की बसलातच. दुसरी जात म्हणजे घट्ट कातळावर पसरलेली पातळ खडी. ही घातकी, पाय बॉल बेअरिंगवर ठेवल्यासारखा निसटतो. तिथे उघडा कातळ शोधा, आणि सापडला नाही तर अंग बाजूला वळवून एक हात डोंगराला लावत उतरा.

गट असेल तर एकाखाली एक चालू नका. तिरके पसरा किंवा अगदी जवळजवळ चाला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडतो. दगड सुटला की लगेच ओरडा, आपल्या गटातलं कोणी खाली नसलं तरीही. अरुंद घळीत आणि कड्याच्या पायथ्याशी हेल्मेट घाला. सकाळचं ऊन कड्यावर पडून रात्रीचा बर्फ सुटू लागला की दगडही सुटतात, तेव्हा अशा कड्याखाली फोटोसाठी थांबायचं नाही.

तारा लावलेल्या वाटा साध्या ट्रेकरने कराव्यात का?

तार दोन प्रकारची असते. चालायच्या वाटेवर एखाद्या उघड्या टप्प्यावर हाताला आधार म्हणून लावलेली तार डोकं शांत ठेवून पार करता येते. पूर्ण व्हिया फेराटा वेगळी. ती सलग तारेची वाट असते आणि तिला हार्नेस, हेल्मेट आणि धक्का शोषणारा खास लॅनयार्ड (हार्नेस तारेला अडकवायचा दोर) लागतो. डोलोमाइट्समधल्या अशा कित्येक वाटांचं मूळ १९१५ ते १९१७ च्या युद्धात सैनिकांनी लावलेल्या तारा-शिड्यांत आहे.

साधी स्लिंग (शिवलेला पट्टा) आणि कॅराबिनर (अडकवायची कडी) वापरून काम भागवू नका. पडल्यावर तुम्ही तारेवरून घसरत खालच्या खुंटीपर्यंत जाता, आणि तो झटका साधी स्लिंग सहन करत नाही. खास लॅनयार्डही ४० ते १२० किलो वजनासाठीच बनवलेला असतो. त्याहून हलक्या मुलांना वेगळा दोर लावावा लागतो.

स्लोव्हेनियाचं त्रिग्लाव (२,८६४ मीटर) हे याचं चांगलं उदाहरण. वरचा टप्पा तारा आणि लोखंडी खुंट्यांचा आहे. दणकट माणसं ते एका दिवसात करून येतात, बहुतेक जण निवाऱ्यात मुक्काम करतात. पहिला चुनखडीचा ट्रेक म्हणून ते एका दिवसात करू नका.

पठारावर वाट चुकते असं ऐकलं. उघड्यावर वाट कशी चुकेल?

धुक्यात बघा. नेहमीच्या डोंगरात ओढा सापडला की त्याच्या कडेने खाली उतरता येतं, निदान दिशा तरी कळते. कार्स्ट पठारावर ओढाच नसतो. उतार धरून खाली गेलात तर तो तुम्हाला दरीत न नेता खळग्याच्या तळाशी नेतो. बाहेर चढा, पुढे दुसरा खळगा. अर्ध्या तासात दिशा हरवते. कातळावर पाऊलवाट मळतही नाही, त्यामुळे सगळा भरवसा रंगाच्या खुणांवर आणि दगडांच्या छोट्या रचलेल्या ढिगांवर. स्लोव्हेनियात लाल वर्तुळातला पांढरा ठिपका असतो, स्वित्झर्लंडमध्ये डोंगरी वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि अल्पाइन वाटेला पांढरा-निळा-पांढरा. जिथे जाणार तिथली खूण आधी बघून ठेवा. पुढची खूण दिसेपर्यंत मागची नजरेआड होऊ देऊ नका. धुक्यात एक जण खुणेपाशी उभा राहतो, दुसरा पुढची शोधतो.

मोबाइलवरचा नकाशा पुरेसा नाही का?

बहुतेक वेळा पुरतो. अरुंद घळईत उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात आणि तुमचा ठिपका दरीच्या पलीकडे दिसू लागतो. थंडीत बॅटरी भसकन उतरते. कागदी नकाशा आणि होकायंत्र न्या. होकायंत्राची एक जमेची बाजू अशी, की लोहखनिज असलेल्या काही ज्वालामुखीय खडकांत ते भरकटतं, चुनखडीत सहसा तसं होत नाही.

वाटेत गुहा दिसली तर आत डोकावू का?

तोंडाशी डोकवा, आत जाऊ नका. आत उभे खड्डे असतात, ते अंधारात दिसत नाहीत, आणि बाहेर दूरवर पडलेला पाऊस आत अचानक पाणी वाढवतो. गवतातल्या भोकांच्या काठावरही उभं राहू नका, काठची माती खालून पोखरलेली असू शकते.

मग बघण्यासारखं वर काय असतं?

पायाखाली बघा. आल्प्समधल्या डाखश्टाइन चुनखडीत काही दगडांवर गाईच्या खुरासारखे ठसे उमटलेले दिसतात. ते मेगॅलोडॉन्ट नावाच्या जाड कवचाच्या शिंपल्यांचे आडवे छेद आहेत, वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले. दोन हजार मीटरवर, तहानेने जीभ कोरडी पडलेली असताना समुद्रतळावर उभं असल्याचं कळतं तेव्हा हसू येतं. फोटो काढा, दगड फोडू नका.

सॅकमध्ये काय हवंच?

पंचवीस ते तीस लिटरची सॅक पुरते. पाणी, हेडलॅम्प (दिवसाचा ट्रेक असला तरी), पाऊस-वारा अडवणारं जाकीट, एक उबदार थर, तातडीचं चंदेरी ब्लँकेट, शिट्टी, प्रथमोपचार, चिकटपट्टी, खारट आणि गोड दोन्ही खाणं. तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याचा उकाडा बघून जाकीट गाडीत ठेवू नका. दोर वापरता येत नसेल तर नुसतं वजन म्हणून नेऊ नका.

घळईतली सपाट वाट निवडली तर सोपं जाईल का?

चढ कमी, म्हणून दमाला सोपं. स्पेनच्या पिकोस दे एउरोपामधली कारेसची वाट जलविद्युत प्रकल्पाच्या कालव्याची देखभाल करण्यासाठी कड्यात कोरलेली आहे, एका बाजूने सुमारे १२ किलोमीटर. परत त्याच वाटेने यायचं म्हणजे २४. कठडा बहुतेक ठिकाणी नाही, वरून दगड पडू शकतात. पात्रातून चालायच्या घळईत तर वरच्या पठारावर पावसाची शक्यता असली तरी पाऊल टाकू नका. भुयारांतून पाणी एकदम येतं आणि कड्यांमुळे बाजूला चढायला जागा नसते.

सुरुवात कुठून करू?

डोलोमाइट्समधल्या त्रे चीमे दी लावारेदोची फेरी साधारण दहा किलोमीटरची आहे, चढ माफक, निवारे वाटेत. तिथे चुनखडीच्या घराण्यातला दगड, घसारा आणि दुपारचे ढग या तिघांची ओळख होते. ती हसत झाली, घरी आल्यावर गुडघे कुरकुरले नाहीत, की मग हजार-बाराशे मीटर चढाचं बघा.

एकट्याने जावं का? काही झालं तर मदत कशी मागायची?

पहिल्यांदा नको. गेलातच तर वाट, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची, हे एका माणसाकडे लिहून ठेवा. युरोपात तातडीचा क्रमांक ११२. नेटवर्क नसेल तर आल्प्समध्ये रूढ असलेला इशारा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टरला हो म्हणायला दोन्ही हात वर, इंग्रजी वाय सारखे. हात हलवून टाटा करू नका.

खाली उतरल्यावर पहिलं काम कोणतं?

ज्या माणसाकडे वेळ लिहून ठेवली होती त्याला फोन. पाणी त्यानंतर. एकदा मी उलटं केलं होतं, निवांत बसून दोन बाटल्या रिचवल्या, आणि तोवर तिकडे शोधपथकाचा नंबर फिरवून झाला होता.